रस्त्याकडेची माळ

मुंबई-गोवा महामार्गावरून वडखळला अलिबागच्या रस्त्याला वळलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडीचा वेग आपोआप कमी होतो. पोयनाड मागे पडतं, कार्ले खिंड जवळ येते आणि दोन्ही बाजूंना बांबूचे छोटे मांडव दिसू लागतात. आडव्या काठीवर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात. खाली टोपलीत वाल, चिंच, कधी घरची कोकमं.

अशाच एका मांडवात मी मागे बराच वेळ बसून होते. मावशी माळ गुंफत होत्या. वाळलेल्या पातीचे पदर वेणीसारखे एकमेकांत घालायचे, दर पेडाला नवा कांदा घ्यायचा आणि गाठ आवळायची. हात चालू, बोलणंही चालू. "कांदा घरचा का?" मी विचारलं. त्यांनी हनुवटीनंच रस्त्यापलीकडचं शेत दाखवलं. "तिथं भात होतं. कापणी झाली, मग कांदा लावला."

या दोन वाक्यांत अलिबागच्या कांद्याची सगळी गोष्ट आली. भाताचं पीक निघालं की त्याच खाचरात नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला कांद्याची लावणी सुरू होते. बियाणं बहुतेक घरचंच, पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं. उन्हं तापू लागली की काढणी होते, पातीसकट कांदा सुकवतात आणि माळा बांधतात. शोभा हा माळेचा वरचा गुण. टांगलेल्या कांद्याला चहूबाजूंनी वारा लागतो, म्हणून तो लवकर सडत नाही. माळ घरी आणून स्वयंपाकघरात लटकवली की रोज एकेक कांदा तोडून घ्यायचा. कांद्याला तिखटपणा देणारी गंधकाची संयुगं यात कमी असतात, त्यामुळे तो कच्चा खाल्ला तरी गोडसर लागतो. कार्ले, खंडाळे, नेहुली, तळवली या गावांच्या मातीत पिकणाऱ्या या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मानांकन कागदावर असतं, त्याची खरी परीक्षा मांडवापाशी होते. बाहेरून आलेला पांढरा कांदाही अलिबागचा म्हणून विकला जातो. अशा वेळी गिऱ्हाइकानं थांबून चार प्रश्न विचारावेत. शेत कुठलं, काढणी कधीची, माळ कुणी बांधली? पिकवणाऱ्याला उत्तरासाठी थांबावं लागत नाही. उलट सांगताना त्याचा चेहरा उजळतो. रस्त्याकडेच्या खरेदीची गोडी मला इथेच सापडते. वस्तूसोबत तिचा पत्ता मिळतो.

पैशाचा हिशेबही साधा आहे. बाजार समितीत गेलेल्या मालाच्या किमतीतून गाडीभाडं, हमाली, तोलाई जाते आणि भाव दुसराच कुणी ठरवतो. महाराष्ट्रानं 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, त्यामुळे थेट विक्रीची वाट कायद्यानंही मोकळी झाली. दारातल्या मांडवात माळ विकली गेली की सगळे पैसे घरात येतात, आणि ते बऱ्याचदा बाईच्या हाती येतात. म्हणून तिथं दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं. घासाघीस होते ती तिच्या दुपारची.

प्रत्येक वाटेचं असं आपलं पंचांग असतं. पावसाळ्याच्या तोंडावर कर्जत-पेणकडे कातकरी, ठाकर बायका शेवळं, करटोली घेऊन बसतात. सासवडच्या वाटेवर सीताफळं आणि अंजीर येतात. हिवाळ्यात पाचगणी-महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या पाट्या लागतात. कॅलेंडर न पाहता, नुसता रस्ता पाहून महिना ओळखता यावा.

पावसाळा सरला की कार्ल्याच्या खाचरांत भाताची कापणी चालू असेल. मांडव रिकामे असतील आणि कांद्याचं बी अजून घरात जपून ठेवलेलं असेल. फेब्रुवारीत त्या रस्त्यानं जाल तेव्हा गाडी थांबवा, खाली उतरा आणि आधी शेत कुठलं ते विचारा. माळ मग घ्या.