दिवस जाण्याआधीचा व्यायाम

बचत गटाच्या बैठकीत आम्ही व्यायामाचा विषय काढला की एक उत्तर ठरलेलं असतं, "दिवसभर खुरपून कंबर मोडते, अजून व्यायाम कशाला?" बरोबर आहे. शेतातली मेहनत व्यायामातच मोजायची असते. पण खुरपणीत बाई तासन्‌तास एकाच तऱ्हेने वाकलेली असते. पाठ ओढून निघते, ओटीपोटाच्या स्नायूंना मात्र फारसं काम मिळत नाही. आणि शिलाई मशीनवर बसणाऱ्या आपल्या मैत्रिणींचं तर चालणंच होत नाही.

मूल हवं असं ठरलं की दोन-तीन महिने आधीपासून सुरुवात करावी. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, हृदयाला तेवढं जास्त काम पडतं. पोट पुढे येतं तसा कमरेवर ताण येतो. सवय असलेल्या अंगाला हे झेपतं. गरोदरपणात साखर वाढण्याचा धोकाही कमी होतो.

आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालायचं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग. एकटी सून सकाळी निघाली की गाव विचारतं, कुठं चालली? चौघी मिळून निघालं की कोणी विचारत नाही, म्हणून आम्ही गटानेच चालतो. सासूबाईंनो, तेवढा वेळ पाणी तुम्ही भरलंत तर बरं होईल! खुरपणीच्या दिवसांत चालणं राहिलं तरी चालेल. घरी आल्यावर उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यावेत, कंबर मोकळी होते.

दुसरा व्यायाम कोणाला दिसतही नाही. लघवी अडवताना जे स्नायू आवळतात, ते पाच आकडे मोजेपर्यंत आवळायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाकरी थापताना, एसटीची वाट बघताना, कधीही. फक्त लघवीला बसल्यावर हा सराव करू नये. शिंकताना लघवी होते हे बायका वर्षानुवर्षं लपवतात, सुती साडीचे तुकडे वापरतात. हे स्नायू आधीच बळकट केले तर ती तक्रार टळायला मदत होते.

जिला चार पायऱ्या चढून धाप लागते, तिने चालण्याआधी रक्त तपासावं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. अशा अंगाने जोर काढला तर चक्करच येणार. लोहाच्या गोळीबद्दल आशाताईंना विचारा, आणि ती चहाबरोबर घेऊ नका. सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवणं तर आधी बंद करा. मिश्रीही सोडा.

फॉलिक ॲसिडची रोजची गोळी निदान महिनाभर आधी सुरू करायची असते. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो, ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तेव्हा पाळी चुकल्याचं नीट कळलेलंही नसतं. म्हणून नाव नोंदवायला जाईपर्यंत थांबू नका, आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन गोळी मागा. हृदयाचा आजार, रक्तदाब किंवा आधीचं सिझर असेल, तर व्यायामाचंही तिथेच विचारून घ्या.