ड्रॅग शर्यतीतील प्रारंभीची पकड

ड्रॅग शर्यतीत मोटार उभ्या स्थितीतून सुटताना तिच्या शक्ती मिळणाऱ्या चाकांना धावपट्टीवर जे घर्षण उपलब्ध होते, त्यास प्रारंभीची पकड म्हणतात. शर्यतीचे पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असले तरी पहिल्या ६० फुटांना (१८.३ मीटर) लागणारा वेळ स्वतंत्रपणे मोजला जातो, कारण येथे गमावलेला वेळ पुढे भरून निघत नाही. १९६० व १९७० च्या दशकांतील अमेरिकन मोटारींमध्ये हा प्रश्न विशेष तीव्र असतो. त्यांचे इंजिन शक्तिशाली, पण पुढे बसवलेले. शक्ती मात्र मागील चाकांना मिळते, आणि ती चाके अखंड ॲक्सलने जोडून लीफ स्प्रिंगवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील पाट्यांवर, टेकवलेली असतात. भारतातील अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींची मागील रचनाही याच प्रकारची होती.

भाराचे स्थलांतर

मोटार वेग घेते तेव्हा पुढील चाकांवरील काही भार मागील चाकांवर जातो. हा भार मोटारीचे वजन, त्वरण आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला दोन ॲक्सलमधील अंतराने भागून मिळतो. उदाहरणार्थ, मोटारीचे वजन १,६०० किलो, गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर, ॲक्सलमधील अंतर २.७४ मीटर आणि त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट धरल्यास सुमारे १९३ किलो भार मागे सरकतो. उभी असताना मागील चाकांवर ४५ टक्के, म्हणजे ७२० किलो भार असेल, तर तो ९१३ किलो होतो. एवढे त्वरण मिळण्यासाठी घर्षणगुणांक मात्र १.०५ च्या आसपास हवा. तो ०.८ असल्यास हीच मोटार ०.४३ पटीच्या पुढे जाऊ शकत नाही. इंजिन कितीही मोठे असले तरी चाके केवळ जागच्या जागी फिरतात.

मऊ स्प्रिंगमुळे भार अधिक सरकतो, हा समज पूर्णतः बरोबर नाही. मोटारीचे नाक किती उचलले गेले यावर नव्हे, तर वरील राशींवर हा भार ठरतो. मऊ पुढील स्प्रिंग आणि सहज लांबणारे शॉकॲब्सॉर्बर यांचा खरा उपयोग भार मागे किती लवकर आणि किती सौम्यपणे पोहोचतो हे ठरवण्यात आहे. बॅटरी मागील डिकीत, शक्यतो उजव्या बाजूस हलवण्याचा उपाय साधा असून त्याचा लाभ निश्चित असतो. १९६५ मध्ये क्रायस्लरच्या काही शर्यती मोटारींची दोन्ही ॲक्सल पुढे सरकवण्यात आली होती. त्या विचित्र दिसणाऱ्या गाड्यांवरूनच ‘फनी कार’ हे नाव रूढ झाले.

मागील ॲक्सलचे वर्तन

चाके पुढे फिरू लागताच प्रतिक्रियेमुळे ॲक्सलचे डिफरेन्शियलकडील नाक वर उचलले जाते. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात, पकड सुटताच पुन्हा सरळ होतात आणि चाक जमिनीवर आदळत राहते. या उड्यांमुळे वेळ तर जातोच, शिवाय ॲक्सलचे दांडेही तुटू शकतात. पाट्याखाली बसवलेला आणि पुढील टोकास रबरी ठोकळा असलेला ट्रॅक्शन बार हा पीळ रोखतो. क्रायस्लरच्या ‘सुपर स्टॉक’ पाट्यांमध्ये ॲक्सलपुढील भाग आखूड व ताठ ठेवून हाच परिणाम साधला होता.

प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे मागील उजवे चाक हलके होते आणि डावे जमिनीवर दाबले जाते. साधे डिफरेन्शियल असल्यास हलके चाकच फिरत राहते. रस्त्यावर एकच काळी रेघ उमटते ती यामुळे. म्हणून लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल जवळजवळ अनिवार्य ठरते. उजव्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी बसवून तिच्यातील दाब वाढवणे, हा त्याला जोडून केला जाणारा स्वस्त उपाय आहे.

टायर

एकाच गोष्टीवर खर्च करणे शक्य असेल, तर तो टायरवर करणे सर्वाधिक फलदायी ठरते. ड्रॅग शर्यतीच्या स्लिक टायरचे रबर मऊ आणि कडा लवचीक असतात. सुटताना कडेला सुरकुत्या पडून धक्का शोषला जातो. त्यात हवा नेहमीच्या टायरपेक्षा बरीच कमी ठेवतात. शर्यतीपूर्वी चाके जागीच फिरवून रबर तापवले व स्वच्छ केले जाते, त्यास बर्नआउट म्हणतात. मात्र ओल्या रस्त्यावर स्लिक टायर पाणी बाजूला सारू शकत नाहीत, त्यामुळे ते सार्वजनिक वापरास योग्य नाहीत.

धोके

पकड वाढली की चाकांच्या घसरण्यातून वाया जाणारा ताण क्लच, गिअरबॉक्स, युनिव्हर्सल जॉइंट आणि ॲक्सल यांवर येतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट तुटल्यास तो जमिनीत रुतू नये यासाठी त्याभोवती पोलादी कडे बसवतात. पुढील स्थिरक दांडा काढलेली मोटार वळणावर अधिक कलते आणि अचानक दिशा बदलताना चालकाच्या ताब्यात राहणे कठीण होते. सरळ, बंदिस्त धावपट्टीवर हा दोष जाणवत नाही. त्याच मोटारीने घरी परतताना तो जाणवतो.