खारबांधावरून सायकल

मुंबईहून सायकलने कोकणात उतरायचं म्हटलं की पनवेलच्या पुढे पळस्पे फाटा येतो. तिथून इंदापूरपर्यंतचे महामार्गाचे ८४ किलोमीटर ट्रेलर, डंपर आणि एसटीच्या सोबतीने काढावे लागतात. या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांनी इथे खड्डे आणि कोंडी सोसली. सायकलवाल्याला तर कडेची मातीच काय ती आपली. दक्षिण मुंबई आणि उरणची बाजू जोडणारा २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालं, पण त्यावर दुचाकींना बंदी आहे. चहूकडे पाणी असलेल्या या शहरातून बिनधास्त पायडल मारत बाहेर पडायला वाट उरलीय कुठे, असं कुणालाही वाटेल.

वाट आहे. ती सायकलसाठी कुणी बांधली नाही, भातासाठी बांधली. पेण तालुक्यातलं कासू हे गाव याच महामार्गावर आहे. दिवा–रोहा मार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या मधलं स्टेशन कासूच. महामार्गाच्या पश्चिमेला अंबा नदी नागोठण्याहून धरमतरच्या खाडीकडे वाहत जाते. या पट्ट्यात तिला भरती-ओहोटी आहे, आणि एके काळी नागोठण्यापर्यंत गलबतं येत. या खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून दोन्ही तीरांवर मातीचे बांध घातलेले आहेत. एका अंगाला खाडी, चिखलाची खाजणं आणि तिवरं. दुसऱ्या अंगाला भातखाचरं आणि जिताडा माशाची तळी. मधून बांधाचा माथा जातो. त्यावर गाड्या येत नाहीत, कारण गाड्यांनी जावं असं तिथे काही नाही.

अंबेच्या पूर्वेचा पेणचा पट्टा आणि पश्चिमेचा अलिबागचा खारेपाट ही सगळी जमीन माणसाने खाडीकडून मागून घेतलेली आहे. खाजणाची चिकणमाती कुदळ-फावड्याने काढायची, थरावर थर चढवायचे, खाडीच्या अंगाने दगड लावायचे, आणि मग पावसाला दोन-तीन वर्षं जमिनीतलं मीठ धुवू द्यायचं. त्यानंतर कुठे तिथे भात धरतो. सुरुवातीला राता जातीचा, खाऱ्याला दाद न देणारा तांबडा भात लावत. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल’ या नावाने खारे पाणी सोसणारी वाणं काढली.

बांधाचं खरं यंत्र म्हणजे उघाडी. बांधाच्या पोटातून एक मोरी काढलेली असते आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून बिजागरीवर टांगलेली झडप. भरती चढू लागली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही, चोवीस तास माणूसही नको. भरती लागते त्या वेळी उघाडीवर थोडं थांबून बघावं. आधी बाहेर जाणारा ओघ मंदावतो, मग काही क्षण पाणी जागच्या जागी घुटमळतं, त्यावरचा पालापाचोळा थबकतो. मग झडप हलकेच आपटते आणि तिच्या कडेने आत येणारी चिळकांडी बारीक होत जाते. पण कडेत एखादी काटकी किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकली असेल तर ती चिळकांडी थांबत नाही आणि भरतीभर खारं पाणी आत झिरपत राहतं. एवढ्याशा फटीने उघाडीलगतचं खाचर नासतं. उघाडी साफ ठेवणं हे खारेपाटातलं पहिलं काम आहे ते यामुळे.

दुसरं काम बांधाची राखण. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आलं की मुंबईच्या किनाऱ्याला समुद्र चार मीटरहून जास्त चढतो-उतरतो. त्यात पावसाळा आणि वारा एकत्र आले तर पाणी बांधाच्या माथ्याला लागतं. खेकड्याचं एक बीळही अशा वेळी पुरतं. बिळातून पाणी झिरपतं, माती सुटते, आणि बघता बघता बांधाला खांड जाते. खांड वेळेत बुजवली नाही तर शेत पुन्हा खाजण होतं आणि त्यात तिवरं उगवतात. तिवरं तोडायला कायद्याने बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती ठामपणे सांगितली, आणि किनारा राखायचा तर ती हवीच. पण ज्याचा बांध सरकारी दिरंगाईने फुटला, त्या शेतकऱ्याची जमीन अशी दोन्हीकडून जाते.

पूर्वी बांधाची डागडुजी गावकरी मिळून करत. घरटी माणूस बांधावर जायचा. जमीन मात्र बहुतेक खोतांची. बांध राखायचा कुळाने आणि भात भरायचा खोताच्या कोठारात. या अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी इथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. खोतांची जमीन कसायची नाही, असा तो निर्धार होता. आसपासच्या २५ गावांनी तो १९३९ पर्यंत चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. आज बांधावरून जाताना जी खाचरं दिसतात, ती कसणाऱ्याच्या नावावर येण्यामागे त्या सहा वर्षांची उपासमार आहे. १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने आणि नंतर १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने बांधांची जबाबदारी सरकारकडे आली. जबाबदारी सरकारकडे गेली तसं गावाचं बांधावर जाणं कमी झालं. गेलेली खांड वेळेवर बांधली जात नाही, आणि खाडीतून ये-जा करणाऱ्या बार्जच्या लाटांनी बांध ढासळतात, ही तक्रार खारेपाटात कुठेही ऐकायला मिळते.

सायकलचा संबंध इथे येतो. नेदरलँड्समध्ये समुद्र आणि नद्या अडवणारे बांध तिथली जलमंडळं सांभाळतात. या मंडळांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. त्याच बांधांच्या माथ्यावरून आज लोक सायकली चालवतात. जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतची डॅन्यूबकाठची प्रसिद्ध सायकलवाटही जुन्या नावओढ वाटांवरून आणि पूरबांधांवरून जाते. खर्च झाला तो पाणी अडवायला आणि नावा ओढायला. सायकलवाट त्यावर आपसूक मिळाली.

मुंबईत आपण उलट केलं. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सायकल ट्रॅक केला, तो सायकलींना मोकळा राहिलाच नाही. पवई तलावाच्या काठी भराव घालून ट्रॅक बांधायला घेतला, तर ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून भराव काढायला सांगितला. तलावात भराव टाकून सायकलवाट करण्यापेक्षा आधीच उभा असलेला बांध नीट राखणं स्वस्तही आहे आणि शहाणपणाचंही.

जायचं कसं? भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये सायकल चढवायची. रेवसहून आतल्या रस्त्यांनी हाशिवरे, मानकुळे, शहापूर, धेरंड अशी खारेपाटातली गावं घेत पोयनाडला यायचं. धरमतरचा पूल आणि वडखळ हा टप्पा रहदारीचाच आहे, तो पहाटे उरकावा. पुढे डोलवी, गडब, आमटेम, कोलेटी, कासू या भागात महामार्ग सोडून पश्चिमेला वळलं की पुन्हा शेतं आणि खाडी. बांध सलग नाहीत. कुठे उघाडी आडवी येते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. परतीला घडीची सायकल असेल तर कासूहून दिवा–रोहा गाडी आहे.

दिवस निवडावे ते भात झोडून झाल्यानंतरचे, थंडीतले. बांधाची माती तेव्हा टणक असते, खाचरांत वाल असतो आणि गावोगाव मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लागते. पावसाळ्यात बांधावर चाक घालू नये. चिकणमाती मडगार्डमध्ये गच्च बसते ते सोडा, पण ओल्या बांधावर उमटलेली चाकोरी पुढच्या उधाणाला वाट करून देते. टायर रुंद हवेत. आणि घरी आल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन तेल द्यावं, खारी हवा लोखंडाला सोडत नाही.

याहून महत्त्वाचा नियम असा की हा बांध शेतकऱ्याचा आहे. बांधावर भेटणाऱ्या काका-मावशींना आधी विचारावं, गुरं येत असतील तर उतरून थांबावं, जिताड्याच्या तळ्यात हात घालू नये. आणि डोळे उघडे ठेवावेत. सायकलच्या वेगाला बांधातली नवी भेग दिसते, खेकड्यांची ताजी बिळं दिसतात, उघाडीत अडकलेली पिशवी दिसते. ती पिशवी काढणं पाच मिनिटांचं काम आहे. भेग दिसली तर जवळच्या वाडीवर सांगणं तेवढंच. घरटी माणूस बांधावर जायचा तेव्हा तो हेच बघायचा.

सरकारकडे मागणं करायचं तर सायकल ट्रॅकचं करू नये. बांध दुरुस्तीची कामं पावसाआधी पुरी व्हावीत, माथा माणूस आणि गुरं सरळ चालतील एवढा रुंद राहावा, उघाडीवर फळ्यांचा पूल असावा आणि काय, कुठे करायचं ते गावकऱ्यांना विचारून ठरावं. या चार गोष्टींनी भात वाचेल. सायकलवाल्याला याहून वेगळं काही लागत नाही. म्हणून त्याने रस्त्यांच्या मोर्चात जसं उभं राहावं, तसंच खारेपाटातल्या शेतकऱ्यांच्या बांधाच्या मागणीतही उभं राहावं, कारण ज्या दिवशी हे बांध जातील त्या दिवशी मुंबईच्या दारातली ही बिनगाड्यांची वाटही जाईल.