रक्तातल्या आगाऊ खुणा

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्या विकाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. त्याची सुरुवात मात्र बरीच आधी, वार रुजताना होते. गर्भाशयातील रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर वारेला रक्त कमी पडते. मग रक्तवाहिन्या वाढवणारा पीएलजीएफ हा घटक घटतो आणि त्याला अडवणारे एसएफएलटी-१ हे प्रथिन वाढते. विकाराचा संशय असलेल्या गर्भवतीत एसएफएलटी-१ चे पीएलजीएफशी गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढच्या आठवड्याभरात विकार होण्याची शक्यता फार थोडी, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासात दिसले.

महाराष्ट्रातही रक्तातल्या खुणांचा असा शोध चालू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते कमी पडले की रक्तातील होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढते, आणि ज्यांच्यात होमोसिस्टीन जास्त, त्यांची बाळे लहान जन्मली. भारती विद्यापीठाच्या ‘इर्शा’ संस्थेत प्रीएक्लॅम्पसियाच्या संदर्भात स्निग्धाम्ले आणि जीवनसत्त्वे तपासली जातात.

पहिले बाळंतपण, जुळे, मधुमेह, लठ्ठपणा, मूत्रपिंडाचा आजार आणि आधीच्या खेपेचा प्रीएक्लॅम्पसिया हे जोखमीचे घटक आहेत. जोखीम जास्त असल्यास डॉक्टर पहिल्या तिमाहीच्या शेवटापासून अल्प मात्रेत ॲस्पिरिन देतात. म्हणून पहिली तपासणी बाराव्या आठवड्याच्या आत व्हायला हवी.