नाचणीचे सत्त्व आणि कोलोनचा पेला

भोर-वेल्ह्याकडे पेन्शनरांच्या कट्ट्यावर ‘बिअर’ हा शब्द अजूनही आवाज खाली घेऊन उच्चारला जातो. त्याला कारणही आहे. वेल्ह्याच्या शाखेत असताना पीककर्जाचे पैसे हातभट्टीत गेलेली खाती मी पाहिली आहेत. पुढे गावोगावच्या बायकांनी ‘आडव्या बाटली’ला मते देऊन दारूची दुकाने बंद पाडली, तेव्हा मी मनाने त्यांच्याच बाजूला होतो. आजही आहे. तरीही लेकीकडे जर्मनीला गेलो असताना कोलोनमध्ये जे पाहिले, ते सांगावेसे वाटते. (अत्तराच्या बाटलीवरचे ‘ओ द कोलोन’ ते हेच गाव.)

पेफगेन हे तिथल्या एका भोजनगृहाचे नाव. १८८३ पासूनचे. बिअर तिथेच बनते आणि लाकडी पिंपातून थेट पेल्यात येते. तिला म्हणतात ‘क्योल्श’. पेला उभट, जेमतेम २०० मिलिलिटरचा. निळ्या कपड्यातला वाढपी पेला ठेवतो आणि त्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. पेला संपला की न विचारता दुसरा पेला, दुसरी रेघ. पुरे झाले की चकती पेल्यावर झाकायची. उठताना रेघा मोजून हिशेब! जन्मभर लेजर जुळवलेल्या माणसाला ही खतावणी फारच आवडली. माझी चकती दुसऱ्या रेघेलाच झाकली गेली. सौभाग्यवती शाकाहारी, तिच्यासाठी लेकीने ‘अर्धा कोंबडा’ मागवला तेव्हा ती हबकलीच. आला तो राय धान्याचा पाव आणि चीज!

चव म्हणाल, तर पहिल्या घोटाला ताज्या पावाचा वास, मग पुसटसा गोडवा आणि शेवटी जिभेच्या मागे मेथीच्या कोवळ्या पानासारखा कडवटपणा. तो हॉप्स या वेलीच्या फुलांचा. आणि गोडवा? जव भिजवायचे, मोड आणायचे, सुकवायचे. मोड येताना धान्यातली विकरे जागी होतात. पुढे भरडलेले धान्य गरम पाण्यात मिसळले की ती स्टार्चची साखर करतात. त्या साखरेची दारू यीस्ट करते.

“अहो, हे तर आपले नाचणीचे सत्त्व!” सौभाग्यवती म्हणाली.

खरेच की. भिजवणे, मोड, सुकवणे, दळणे. यीस्टपर्यंत वाट एकच. वेल्ह्याच्या डोंगरउतारावरची नाचणी अशीच तान्ह्या बाळांच्या पोटी गेली, मोठ्यांसाठी तिचीच आंबील झाली. नेपाळ-सिक्कीमकडे याच धान्याची ‘तोंगबा’ करतात आणि गरम पाणी ओतून बांबूच्या नळीने पितात.

फरक आहे तो नावाचा. १९८६ साली कोलोनच्या ब्रूअऱ्यांनी आपसात करार केला, १९९७ मध्ये युरोपीय संघाचे संरक्षण मिळाले. आता त्या परिसराबाहेर बनलेल्या बिअरला ‘क्योल्श’ म्हणता येत नाही. आपल्याकडेही पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही छोटी ब्रूअरी सुरू झाली. या शब्दाचे मूळ आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत! तिथल्या छावणीत मायदेशीच्या बोटीची वाट पाहून डोके फिरलेल्या गोऱ्या सैनिकांमुळे तो इंग्रजीत गेला.

गुंजवणीच्या खोऱ्यातली नाचणी मात्र पोत्यात शिरली की तिला गाव उरत नाही. २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगाने साजरे केले; पण रानडुकरे राखत, उभ्या पावसात रोपे लावणाऱ्याचा मुलगा पुण्याला कामाला जातो तो जातोच. नाचणीची बिअर करा, असे मी सुचवणार नाही. वेल्ह्याच्या बायका बाटलीआधी मलाच आडवा करतील. पण सत्त्वाच्या पुड्यावर गावाचे नाव छापायला कुठल्या ब्रूअरीची गरज आहे? बचतगटांच्या पासबुकांवर ते नाव कधीचे छापलेले आहे.