कोरड्या विहिरी कुठे गेल्या?

एसक्यूएल शिकायला बसलात की तासाभरात उत्तरं मिळायला लागतात. गोची तिथेच आहे. उत्तर चुकीचं असलं तरी डेटाबेस कुरकुर करत नाही.

माझं पीएचडीचं काम विहिरींच्या पाण्यावर आहे. आधी सगळा डेटा एकाच एक्सेल शीटमध्ये होता, आणि एकाच गावाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं. मग दोन टेबलं केली. ‘विहिरी’मध्ये क्रमांक, गाव, एकूण खोली. ‘मोजण्या’मध्ये विहिरीचा क्रमांक, वर्ष आणि ‘अंतर’, म्हणजे मे महिन्यात पाणी जमिनीपासून किती मीटर खाली होतं ते. विहिरीची माहिती एकदाच लिहायची, लागेल तेव्हा क्रमांकावरून ‘जॉइन’ करायचं. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेलं रिलेशनल मॉडेल रोजच्या वापरात साधारण असं दिसतं. काय हवं ते आपण सांगायचं. ते डिस्कवरून कसं शोधायचं ही डेटाबेसची डोकेदुखी.

मी विचारलं:

सिलेक्ट वर्ष, एव्हीजी(अंतर) फ्रॉम मोजण्या ग्रुप बाय वर्ष;

मराठीत: प्रत्येक वर्षाचं सरासरी अंतर दे. उत्तर आलं की दुष्काळाच्या वर्षी पाणी वर आलं! मी आलेखही काढला. मॅडमनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, “यातल्या कोरड्या विहिरी कुठे आहेत?”

आकडे सोपे करून सांगते. पाच विहिरी घ्या. चांगल्या वर्षी अंतरं 7, 8, 9, 12, 14. सरासरी 10 मीटर. दुष्काळात पहिल्या तीन 8, 9, 10 वर गेल्या आणि उरलेल्या दोन आटल्या. आटलेल्या विहिरीत मोजणार काय? रकाना रिकामा, म्हणजेच ‘नल’. एव्हीजी नल वगळतं आणि भागतानाही मोजत नाही. 27 भागिले 3, म्हणजे 9 मीटर. प्रत्येक विहिरीचं पाणी खाली गेलं, सरासरी मात्र सुधारली.

नल म्हणजे शून्य नाही. (शून्य भरलं असतं तर आटलेली विहीर काठोकाठ भरलेली दिसली असती!) नल म्हणजे ‘माहीत नाही’. म्हणून ‘व्हेअर अंतर = नल’ असं लिहिलंत तर एकही ओळ येत नाही, एररही येत नाही. माहीत नसलेलं माहीत नसलेल्याइतकंच आहे का, याचं उत्तरही ‘माहीत नाही’, आणि व्हेअर फक्त खात्रीच्या ‘हो’लाच आत सोडतं. लिहायचं ‘अंतर इज नल’. याच कारणाने ‘अंतर > 10’ मध्ये कोरड्या विहिरी येत नाहीत, आणि ‘अंतर <= 10’ मध्येही नाहीत. दोन्हींची बेरीज एकूण विहिरींएवढी होईल असं आपण गृहीत धरतो, ती होत नाही.

तेव्हापासून कुठलीही सरासरी काढण्याआधी मी काउंट(*) आणि काउंट(अंतर) शेजारी शेजारी मागते. पहिलं सगळ्या ओळी मोजतं, दुसरं फक्त भरलेले रकाने. वरच्या उदाहरणात 5 आणि 3. हा फरक दिसला की थांबायचं.

दुरुस्ती मात्र क्वेरीत नाही, टेबलात करावी लागली. ‘स्थिती’ नावाचा रकाना वाढवला: मोजली, कोरडी, किंवा पोचता आलं नाही. तो ‘नॉट नल’ ठेवला, म्हणजे रिकामा सोडताच येत नाही. जुन्या ओळी अपडेट करताना आधी ‘बिगिन’ लिहिलं आणि बरं झालं, कारण पहिल्या खेपेला व्हेअर विसरले आणि सगळ्याच विहिरी कोरड्या झाल्या. ‘रोलबॅक’ने परत भरल्या.

काही रिकाम्या रकान्यांचं कारण अजून ठरलेलं नाही. त्यासाठी वहीतल्या नोंदी चाळतेय. वहीत निदान समासात ‘कोरडी’ असं पेन्सिलीने लिहिलेलं सापडतं.