पहिले अकरा कसे ठरतात? फुटबॉल संघनिवडीबद्दलचे सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा सुरू झाला की शालेय क्रीडा स्पर्धांची लगबग सुरू होते. जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी शाळेचा संघ ठरतो आणि तिथून तालुका, जिल्हा, लातूर विभाग, मग राज्य अशी चढण लागते. संघाची यादी लागली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं : "सरांनी त्यांच्या मर्जीतलीच पोरं घेतली." फुटबॉलमध्ये ही कुरबुर जास्त. कबड्डीत कुणाची चढाई चांगली, हे पारावर बसलेला माणूसही सांगेल. फुटबॉल आपल्या भागात तितका मुरलेला नाही. त्यामुळे एकाला का उतरवलं आणि दुसऱ्याला का बसवलं, हे बाहेरून पटकन उमगत नाही.

प्रश्न लेकरांच्या भवितव्याचा आहे. ठरावीक पातळीपर्यंत मजल मारलेल्या खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पात्र खेळाडूंसाठी राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. म्हणून पालकांचा संशय हसण्यावारी नेता येत नाही, आणि क्रीडाशिक्षकावर ऊठसूट वशिल्याचा शिक्का मारणंही बरोबर नाही. नेमकं काय खरं आणि काय खोटं, ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : ओळखीच्या खेळाडूला घेतलं, म्हणजे वशिलाच

वस्तुस्थिती : ओळख आणि वशिला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय फुटबॉलचे सर्वांत यशस्वी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, पेशाने मूळचे शाळामास्तर. १९५० मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले तेव्हा आपला मराठवाडाही हैदराबाद राज्यातच होता. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम सामना होता दक्षिण कोरियाशी. आधीच्या सामन्यांत प्रद्युत बर्मन गोलरक्षक होता. अंतिम सामन्याला रहीम यांनी त्याला बसवलं आणि पीटर थंगराजला उतरवलं. थंगराजचा जन्म हैदराबादचा. बाहेरून पाहणारा सहज म्हणाला असता की हैदराबादी प्रशिक्षकाने हैदराबादी खेळाडू घेतला. पण कारण खेळातलं होतं. थंगराज चांगला उंचापुरा होता आणि कोरियन संघाचे उंच चेंडू अडवायला तसाच गोलरक्षक हवा होता. भारताने सामना २-१ असा जिंकला.

सामना जिंकला म्हणून निवड योग्य ठरते, असा याचा अर्थ काढू नका. हरला असता तरी ती निवड योग्यच होती, कारण ती कुणालाही समजावून सांगता येत होती. वशिला ओळखण्याची खरी कसोटी हीच. कारण सांगता येतं का, आणि तेच कारण दुसऱ्या खेळाडूलाही लावलं जातं का?

प्रशिक्षकाच्या मुलाबाबतही हीच कसोटी. १९९८ च्या विश्वचषकात इटलीचे प्रशिक्षक चेझारे माल्दिनी होते आणि संघाचा कर्णधार त्यांचा मुलगा पाओलो. वडील प्रशिक्षक होण्याआधीच पाओलो इटलीकडून खेळत होता आणि जगातल्या उत्तम बचावपटूंत गणला जात होता. नातं होतं, पण जागा नात्यामुळे मिळालेली नव्हती.

गैरसमज २ : सगळ्यांत चांगली अकरा पोरं उतरवली की झाला संघ

वस्तुस्थिती : संघ जागांप्रमाणे भरावा लागतो. समजा, शाळेत पाच पोरं गोल मारण्यात पटाईत आहेत आणि पाचही उजव्या पायाची आहेत. पुढच्या फळीत जागा दोन किंवा तीन. डाव्या बाजूच्या बचावाला मात्र डावखुरा खेळाडू हवा असतो, कारण तिथून कडेने चेंडू पुढे काढताना उजव्या पायाच्या पोराला आधी आत वळावं लागतं आणि तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. डावखुरी पोरं मुळातच कमी. त्यामुळे जरा कमी तयारीचा डावखुरा आत येतो आणि त्याच्यापेक्षा सरस दिसणारा चौथा स्ट्रायकर बाहेर बसतो. पालकांना ही मर्जी वाटते, पण ती संघाची गरज असते.

याची उलटी बाजूही आहे. प्रशिक्षकाच्या डोक्यात नीट हिशोब असेल तर खेळाडूला भलत्याच जागी खेळवूनही सामना काढता येतो. जकार्तातच बचावपटू जर्नेलसिंग थायलंडविरुद्ध जखमी झाला, डोक्याला टाके पडले. रहीम यांनी त्याला उपांत्य आणि अंतिम सामन्यात थेट पुढच्या फळीत उतरवलं. त्याने दोन्ही सामन्यांत गोल केला.

गैरसमज ३ : अंगापिंडाने दणकट तोच गुणी खेळाडू

वस्तुस्थिती : इथे मात्र निवड खरोखर एका बाजूला कलते, आणि बहुतेक वेळा ते निवडणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट १ जानेवारी या तारखेवर ठरतात. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच गटात येतात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक उंचीत, ताकदीत, धावण्यात उघड दिसतो. सरांची नजर मोठ्या पोरावर जाते, त्याला सामने जास्त मिळतात, सामने मिळाले की खेळ सुधारतो. पुढच्या वर्षी तो खरोखरच सरस झालेला असतो.

कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी तपासल्या तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा दिसला. हा अभ्यास १९८५ चा. बेल्जियमच्या फुटबॉलमध्ये तर पुरावा आणखी स्वच्छ मिळाला. तिथे वयोगटाची तारीख १९९७ मध्ये १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली गेली. वेर्नर हेल्सेन यांच्या अभ्यासात दिसलं की आधी ऑगस्टपासूनच्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त निवडली जात होती, नंतर जानेवारीपासूनच्या महिन्यांतली. तारीख सरकली तशी 'गुणवत्ता'ही सरकली.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख टाकलेली माणसं प्रत्येक गावात भेटतील. आता जन्मनोंदणी सुधारली आहे, पण अंगाची वाढ कागदाप्रमाणे होत नाही. कुणी बाराव्या वर्षी उंच होतो, कुणी सोळाव्या. यादी ठरवताना सरांनी पोरांच्या जन्मतारखा एकदा शेजारी लिहून पाहाव्यात. सगळे जानेवारी ते एप्रिलचे निघाले तर उंचीला गुणवत्ता समजल्याची शक्यता मोठी.

गैरसमज ४ : जो कायम संघात असतो, तो खेळाच्या जोरावरच असतो

वस्तुस्थिती : नेहमीच नाही. माणसाला आपला आधीचा निर्णय चुकला असं मानणं जड जातं. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे नवे खेळाडू क्रमाने निवडले जातात, वरच्या क्रमांकावर निवडलेल्यात संघाने जास्त गुंतवलेलं असतं. मैदानावरची कामगिरी, दुखापती, खेळण्याची जागा हे सगळं हिशोबात धरूनही वरच्या क्रमांकाने आलेल्यांना जास्त वेळ खेळायला मिळत होता. अशा निवडीत नातंगोतं नव्हतं, पैशांचा व्यवहार नव्हता. तरीही पक्षपात होताच, आपण आधी केलेल्या निवडीबद्दलचा.

शाळेतही हे घडतं. आठवीत ज्याला कर्णधार केलं, तो दहावीत मागे पडला तरी त्याची जागा पक्की राहते. यावर उपाय सोपा आहे. दर हंगामाला चाचणी कोऱ्या पाटीवर घ्यायची, आणि शक्य असेल तिथे शेजारच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकालाही बोलवायचं. ज्याला आधीचं काही ठाऊक नाही, तो समोरचा खेळ पाहतो.

गैरसमज ५ : 'सरावाला हजेरी' हा नियम सगळ्यांना सारखाच

वस्तुस्थिती : कागदावर सारखा, प्रत्यक्षात नाही. जळकोट तालुका डोंगराळ भागातला. वाड्या-तांड्यांवरून पोरं एसटीने शाळेत येतात. शाळा सुटल्यावर सराव ठेवला आणि गावाकडची शेवटची गाडी त्याच वेळेला असली, तर गावातलं पोरगं मैदानावर थांबतं आणि तांड्यावरचं पोरगं गाडी धरतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी येते, तेव्हा हातभार लावायला लेकरांना शेतात जावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेल्या घरांची पोरं तर पार दूर जातात. हंगाम संपताना हजेरीचा तक्ता काढला की हीच नावं खाली दिसतात, आणि सर प्रामाणिकपणे म्हणतात, "तो येतच नाही."

सरांची नियत साफ असते, तरी नियम एका बाजूला झुकलेला राहतो. सराव सकाळी शाळा भरण्याआधी किंवा मोठ्या सुट्टीत ठेवता येईल का, काढणीच्या आठवड्यांची गैरहजेरी वगळता येईल का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ फरक पडेल. आपल्या भागात संघनिवडीतला सर्वांत मोठा अन्याय वशिल्यापेक्षा इथे होतो, असं माझं ठाम मत आहे.

गैरसमज ६ : राखीव खेळाडू म्हणजे टाकून दिलेला

वस्तुस्थिती : विश्वचषकात बदली खेळाडू उतरवण्याची मुभा १९७० पासून आली. आज वरिष्ठ पातळीवर एका सामन्यात पाच बदल करता येतात, म्हणजे मैदानावरचा जवळपास निम्मा संघ बदलतो. २०१४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ज्या गोलवर जर्मनीने जिंकला, तो मारिओ ग्योट्झेने जादा वेळेत, ११३ व्या मिनिटाला मारला. ग्योट्झे ८८ व्या मिनिटाला बदली म्हणून आला होता. समोरचे पाय थकलेले असताना ताज्या दमाचा खेळाडू आणणं हा डावाचाच भाग आहे.

मात्र ही गोष्ट शालेय संघाला अर्धीच लागू होते. राखीव पोरगं हंगामभर मैदानावर उतरलंच नाही, तर त्याला असं सांगणं म्हणजे निव्वळ समजूत काढणं झालं. चौदा वर्षांखालच्या गटात खेळायला मिळणं हेच शिक्षण आहे. मित्रत्वाच्या लढती, तालुक्याचे सुरुवातीचे सामने इथे प्रत्येकाला वेळ मिळालाच पाहिजे.

मग करायचं काय?

खेळाडूने सरांना "मला का नाही घेतलं?" असं विचारण्याऐवजी "माझं काय कमी पडलं, कशावर मेहनत करू?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नाने माणूस बचावाला लागतो, दुसऱ्याने शिकवायला. पालकांनी सामना सुरू असताना कडेला उभं राहून वाद घालू नये, दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन शांतपणे बोलावं. उत्तर मिळत नसेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी विचारावं. तो पालकांचा हक्क आहे.

आणि क्रीडाशिक्षकांना हात जोडून एक विनंती. चाचणीच्या आधी चार ओळी फलकावर लिहा : कोणत्या जागा भरायच्या आहेत, काय पाहणार आहोत, गैरहजेरीची कोणती कारणं मान्य आहेत, आणि नाव न आलेल्याने पुन्हा कधी यायचं. याला पैसा लागत नाही, वरून परवानगी लागत नाही. मर्जी जगात सगळीकडे असते, पण कारणं चारचौघांत सांगायची वेळ आली की तिला जागा उरत नाही. या हंगामात संघाची यादी लावाल, तेव्हा निवडीचे निकषही तिच्या शेजारी लावा.